नळाच्या पाण्यातली हाक

या मिरजेत मी उभ्या आयुष्यात जेवढ्या थापा मारल्या, तेवढ्या सगळ्या लोकांनी खऱ्या मानल्या. स्टँडवर माझा पेपरचा स्टॉल होता तेव्हा एकदा मी उठवून दिलं, की कृष्णेच्या पुरातून एक पायपेटी वाहत आलीय आणि अर्जुनवाडच्या पुलाला अडकून पाण्याच्या जोरानं आपली आपण वाजतेय. अर्ध्या गावानं सायकली काढल्या. दोघंजण तर ऐकूनही आले! त्यातल्या एकानं मला राग कोणता तेसुद्धा सांगितलं. थाप पचवणं हा माझ्या हातचा मळ. पण सांगण्याजोगी खरी गोष्ट माझ्या वाट्याला एकच आली, आणि ती कोणी म्हणता कोणी मानणार नाही. तुम्हीही मानणार नाही. लावा पैज.

ही पैज मी मंगळवारी कानाच्या दवाखान्यात लावली. माझे कान ठणठणीत आहेत. पाल चुकचुकली तर कुठल्या भिंतीवर ते सांगेन. तरी मी दवाखान्यात जाऊन बसतो, कारण तिथला पंखा गार आहे, आणि तिथली माणसं नंबर लागेपर्यंत उठून जाऊ शकत नाहीत. पंखा माझ्या घरीही आहे. त्याच्याखाली दुसरं कोणी बसत नाही, एवढंच.

त्या दिवशी बाकावर गणिताचे पाटणे मास्तर होते. त्यांच्यापलीकडे कुपवाडच्या एक बाई, हिरव्या काठाच्या साडीतल्या, आणि शेजारी त्यांचे यजमान. यजमान ठार बहिरे. सगळ्यांकडे बघून हसत होते. कोणी काही चांगलं बोललं असेल तर आपल्याकडून हुकायला नको, म्हणून बहिरी माणसं हसतात तसं. त्यांनाच पुरवण्या, म्हणजे ते नवं कानाचं यंत्र, बसवायचा होता.

“स्टॉलवाले,” बाईंनी विचारलं, “त्या यंत्रात मेलेली माणसं बोलतात म्हणे. खरं का?”

“वहिनी, तेच तर सांगायला बसलोय.”

“सांगा सांगा,” मास्तर म्हणाले. “दूध तुम्ही घाला, पाणी आम्ही वेगळं करतो.”

तर ऐका.

माझा मित्र मल्लिकार्जुन शेटे. मिरज स्टँडवरचा वाहतूक नियंत्रक. तुमची साठी उलटली असेल आणि तुम्ही कधी मिरजेत गाडी धरली असेल, तर तुम्ही त्याचा आवाज ऐकलाय. “कवठेमहांकाळ, जत मार्गे विजापूरला जाणारी गाडी फलाटाला लागली आहे!” आवाज असा, की ड्रायव्हर अर्धा चहा टाकून उठायचे. माझा स्टॉल त्याच्या केबिनला चिकटून. मला म्हणायचा, “दिग्या, तू गावाला खोटं वाचायला देतोस, मी गावाला खरं ऐकायला देतो.” मी म्हणायचो, “तुझी विजापूर गाडी कधी वेळेवर लागली ते सांग, मग खऱ्याचं बोल.”

त्याच्या डोक्यावरच कर्णा होता. ज्या कर्ण्यानं गावाला गाड्या ऐकवल्या, त्यानंच याचे कान खाल्ले. निवृत्तीच्या आधीच हा निम्मा बहिरा झाला, नंतर पुरता. पुढे विजेच्या एसट्या आल्या, घोषणा यंत्र करू लागलं, छापील पेपर बंद पडले, माझाही स्टॉल गेला. मग आम्ही दोघं स्टँडच्या बाहेरच्या बाकावर बसायचो. तो बघायचा, मी बोलायचो.

त्याची बायको महानंदावहिनी. जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव घेणार नाही म्हणजे नाही. लग्नात उंबऱ्यावर उखाणा घेतला, तोही तोंडात पदर धरून; नाव ऐकलं असेल तर चौकटीनं. सरकारी दवाखान्यात एकदा नर्सनं पेशंटचं नाव विचारलं, तर म्हणाल्या, “ते श्रीशैलला देव आहेत ना मोठे, ते.” नर्स केरळची. तिनं केसपेपरवर काय लिहिलं असेल देव जाणे, तोच. चारचौघांत नवऱ्याचा उल्लेख ‘शैलीचे बाबा’, आणि घरात नुसतं ‘अहो’. बहिऱ्याला ‘अहो’ म्हणून काय उपयोग? तरी म्हणायच्या. भाकऱ्या थापताना, दळण निवडताना सारख्या बोलत असायच्या. तो आपला खिडकीतून बाहेर बघत बसलेला.

मग आला पुरवण्या.

त्याचं कंपनीनं ठेवलेलं नाव हातभर इंग्रजी आहे. पुरवण्या हे मिरजेचं. साधं कानाचं यंत्र आवाज मोठा करतं, बस. पण म्हातारा कान म्हणजे फाटका कर्णा. त्यात आवाज वाढवला तर फाटलेलंच मोठ्यानं ऐकू येतं. म्हातारपणी पहिल्यांदा जातात ते बारीक आवाज. स, श, त, क, फ. माणूस बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. पुरवण्याची तऱ्हा निराळी. तो बोलण्याचे तुकडे ऐकतो आणि मधली भोकं अंदाजानं बुजवतो. माझ्याकडे पावसात भिजून कोपरा फाटलेला पेपर यायचा, तरी गिऱ्हाईक अख्खी बातमी वाचायचं. ‘मुख्यमं’ एवढं दिसलं की पुढचं डोळा स्वतःच लावतो ना, तसं. बुजवलेलं वाक्य पुरवण्या त्याच माणसाच्या आवाजात कानात सोडतो, तेही इतक्या झटकन की ओठांशी मेळ बसतो.

त्यासाठी त्याला घरची माणसं पाठ हवीत. म्हणून दोन भाग असतात. कानात एक मणी. आणि एक डबी, साबणाच्या वडीएवढी, ती घरातल्या फळीवर ठेवायची. डबी दिवसभर ऐकते. कोण कसं बोलतं, कोणत्या शब्दामागून कोणता येतो, कोण वाक्याच्या मध्येच श्वास घेतं. तुम्ही मणी काढून झोपलात तरी ती ऐकत राहते, शिकत राहते.

“म्हणजे घरातली भांडणं पण साठवते?” मास्तरांनी विचारलं.

“साठवत नाही, मास्तर. कायद्यानं बंदी आहे. ऐकते, त्यातली सवय उचलते, ऐकलेलं टाकून देते. आईच्या हाताला मिठाचा अंदाज असतो. तो कुठल्या दिवशीच्या आमटीत आला, हे आईला विचारून बघा. सांगेल का?”

“नाही सांगणार,” कुपवाडच्या बाई म्हणाल्या. “कोणी विचारलं तर मग नाहीच.”

मल्लूनं मणी घातला आणि कित्येक वर्षांनी त्याला बायकोचा आवाज ऐकू आला. “अहो, चहा गार होतोय.” मी समोरच होतो. हा बाप्या हुंदके देऊन रडला. आठवडाभरात मात्र माझ्याकडे येऊन म्हणतो, “दिग्या, ही दिवसभर माझ्याबद्दलच बोलते रे! बहिरा होतो तेव्हा मला वाटायचं, आपला संसार किती शांत.” दुपारी मणी काढून ठेवायचा आणि झोपायचा. म्हणायचा, तेवढीच जुनी सवय.

मग महानंदावहिनी गेल्या. साधा ताप आला आणि गेल्या.

शैला, त्याची एकुलती एक लेक, नाशिकहून आली. दिवस झाले, ती परत गेली. नोकरी, मुलं, थांबणार किती? घर रिकामं झालं. मी रोज सकाळी जायचो. एक दिवस हा दारातच उभा.

“दिग्या, महानंदा नळात बोलते.”

“काय म्हणते?”

“दूध बघा म्हणते.”

“मग बघितलंस का?”

“दूध आणलंच नव्हतं.”

मी हसलो. तो हसला नाही.

यात भूतबाधा काही नाही, वहिनी. नळाच्या धारेत बारीक, जाड, उंच, खालचे, सगळेच आवाज मिसळलेले असतात. पावसाळी ढगात बघणाऱ्याला हत्ती दिसतो, तसं त्यात शोधलं तर काहीही सापडतं. पुरवण्याचं कामच मुळी गोंगाटात माणूस शोधायचं. आणि त्या घरात त्याला मल्लूखेरीज एकच माणूस पाठ होतं. त्यानं धारेचे तुकडे घेतले, भोकं बुजवली, आणि बाई उभी केली.

हे मल्लूलाही कळत होतं. कळून काय होतं? त्यानं नळ चालू ठेवायला सुरुवात केली. बादली भरली की अंगणात ओतायची, परत लावायची. अंगणातली कर्दळ अशी माजली की शेजारच्या जोशीणबाई म्हणाल्या, “अण्णा, जंगल खात्याला कळवू का?” बाकावर यायचं त्यानं सोडून दिलं. मग मीच त्याच्या स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसायचो. तो नळ ऐकायचा. मध्येच “हो हो, बघतो,” म्हणायचा, मध्येच गालातल्या गालात हसायचा. मी त्याला ऐकताना बघायचो. मला पाणीच ऐकू यायचं. असं एका खोलीत बसून दोघांनी दोन ठिकाणी असणं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

आणि एका सकाळी तो अनवाणी माझ्या घरी आला. तोंडावर रंग नाही.

“तिनं नाव घेतलं,” म्हणाला.

“कोणाचं?”

“माझं. नळ चालू होता. तिचाच आवाज. म्हणाली, ‘मल्लिकार्जुन शेटे, जिथे असतील तिथून स्वयंपाकघरात यावे. भाकरी फलाटाला लागली आहे.’”

मला हसू आवरेना. “अरे, मग बरंच की! वहिनींना विनोद सुचला!”

“ही ती नव्हे, दिग्या.” तो खालीच बसला. “महानंदानं जन्मात माझं नाव घेतलं नाही. ही दुसरीच कोणी आहे. इतके महिने मी कोणाशी बोलत होतो?”

आम्ही याच दवाखान्यात आलो, यंत्रं बसवणाऱ्या तन्मयी मॅडमकडे. त्या आतल्या केबिनमध्ये. मुलगी हुशार, आणि मुख्य म्हणजे म्हाताऱ्यांशी लहान मुलांसारखं बोलत नाही. तिनं डबी संगणकाला लावली, बराच वेळ बघितलं.

“अण्णा, घरात अनाउन्समेंटच्या थाटात बोलायची सवय कोणाला?”

“मलाच. गंमत म्हणून. शैलीला जेवायला असंच बोलवायचो.”

“मग झालं. ढब तुमची, आवाज काकूंचा. यंत्रानं खिचडी केली.”

“नक्की?”

ती थांबली. मला आवडली ती एवढ्यासाठीच, की ती थांबली. “नक्की नाही सांगता येत. काकू कधी, तुमच्या कानात मणी नसताना, तसं बोलल्या असतील तर डबीनं ते ऐकलं असेल, आणि त्यावरूनच शिकली असेल. दोन्ही सारखंच शक्य आहे. डबीत ऐकलेलं काहीच शिल्लक नसतं, फक्त वळण असतं. कुठून आलं ते तिलाही ठाऊक नाही.”

“मग इतके दिवस ‘दूध बघा’ म्हणणारी कोण होती?”

“तोही अंदाजच, अण्णा. फक्त तो तुम्हाला पटत होता.”

मग तीच जरा हळू म्हणाली, “तुमचं-आमचं डोकंही हेच करतं. आपल्याला वाटतं आपण माणसाचं बोलणं ऐकतो. थोडं ऐकतो, उरलेलं बनवतो. काकू हयात होत्या तेव्हाही, तुम्ही ऐकलेल्या काकूंमध्ये बराच भाग तुमचा होता.”

“म्हणजे खरं काय ते कळायचंच नाही?”

“नुसतं ऐकून नाही कळायचं. दुसऱ्या कोणीतरी ऐकलेलं असायला हवं.” मग तिनं नव्या पुरवण्याबद्दल सांगितलं. त्याच्या मण्याला डोळा असतो. समोर खरोखर बोलणारं माणूस दिसलं तरच तो भोकं बुजवतो, एरवी पाणी म्हणजे पाणी. पण जुन्या डबीची शिकवण त्यात घालता येत नाही. कोरी पाटी.

“म्हणजे महानंदा पुसली जाणार.”

“तो आवाज जाईल,” तन्मयी म्हणाली. एवढंच.

येताना सतारमेकर गल्लीतून आलो. एका दुकानात तंबोरा लावत होते. मला धीर द्यायचा होता, म्हणून मी त्याला धरून उभा केला. म्हटलं, “ऐक. तंबोऱ्यात गंधाराची तार असते का? नसते. पंचम, दोन षड्ज, एक खर्ज. तरी घोडीवरची जवारी जमली की गंधार ऐकू येतो. शास्त्रज्ञांनी मोजलाय. तार अख्खी हलते तशी पाच तुकड्यांतही हलते, त्यातून तो निघतो. कोणी छेडला नाही म्हणून खोटा नाही, मल्लू.”

तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “आणि हाच गंधार माझ्या मण्यानं बनवला असेल तर? तोही असाच गोड लागेल ना?”

मी त्याला धरून घराकडे वळवलं.

यानंतर तो नळ लावायचा, पण हसायचा नाही. डोळे बारीक करून ऐकायचा. दर वाक्याला मला विचारायचा, “हे ती बोलली असती का? ‘मेथी कडू निघाली’ असं ती म्हणायची का रे?” हळूहळू त्याला खऱ्या महानंदावहिनी आठवेनाशा झाल्या. आठवायला गेलं की नळातली मध्ये यायची.

उन्हाळ्यात शैला आली. त्या दुपारी मी स्टुलावर, मल्लू मोरीजवळ पाटावर, पाठ दाराकडे, नळ चालू. शैला दारात येऊन उभी राहिली. तिचा आवाज अगदी आईच्या वळणावर गेलेला.

“बाबा, चला ना माझ्याकडे,” ती म्हणाली. “इथे तुमचं कोण आहे आता?”

(‘कोण आहे’ म्हणताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मी मनाला लावून घेतलं नाही.)

पुरवण्यानं धारेतून ते वाक्य उचललं, वहिनींच्या पाठ असलेल्या गळ्यातून कानात सोडलं. मल्लूनं मान वळवली नाही. नळाकडेच बघत, मायेनं म्हणाला, “महानंदा, शैलीला एकदा फोन लाव ना. पोरीचा आवाज ऐकून किती दिवस झाले.”

शैलानं पुढे होऊन नळ बंद केला.

मल्लूनं वर बघितलं. लेक समोर उभी. त्याला समजायला जरा वेळ लागला, मग समजलं. त्यानं कानातला मणी काढून हातात धरला. ती बोलत होती ते त्याला आता मुळीच ऐकू येत नव्हतं. मला येत होतं.

“नवा बसवा, बाबा. नाहीतर मी कोणासाठी येऊ? मी बोलते आणि तुम्हाला आईच ऐकू येते. गेली ती आई, आणि तुमच्यासाठी मेलेली मी.” असं म्हणून ती माजघरात निघून गेली.

मल्लू माझा दंड धरून मला परसदारी घेऊन गेला. पायरीवर बसवलं. मणी परत कानात घातला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिला.

“दिग्या, तू आयुष्यभर थापा मारल्यास. आज एकदा खरं सांग. तू आमच्या घरचाच. मी झोपलेला असताना, माझ्या पाठीमागे, कधी तू महानंदाला माझं नाव घेताना ऐकलंस?”

“ऐकलं असेन तर?”

“तर नळातली ती तीच. मग मी काय करायचं ते मला कळेल. आणि नसशील ऐकलं, तर ती खिचडी. तरीही कळेल. मला हे मधलं सोसत नाही.”

कर्दळीवर मुंग्या चढत होत्या. माजघरात शैला नाक पुसत होती.

“ऐकलंय,” मी म्हणालो.

“कधी?”

“एका दुपारी तुला बाकावर बोलवायला आलो होतो. तू आत घोरत होतास. वहिनी ओट्यापाशी भाकऱ्या थापत होत्या. मला दारात बघून हसल्या, आणि परातीवर तळहात मारून, अगदी तुझ्या थाटात म्हणाल्या, ‘मल्लिकार्जुन शेटे, जिथे असतील तिथून स्वयंपाकघरात यावे, भाकरी फलाटाला लागली आहे.’ शब्दन् शब्द.”

त्याचा चेहरा असा उजळला की काय सांगू. तो हसायला लागला. “फलाटाला!” म्हणायचा आणि परत हसायचा. “पाठीमागे नाव घेत होती, चोरटी!” त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तरी हसत होता. मीही हसलो. मनात म्हटलं, चला, आता हा इथेच राहतो. नळ आहे, कर्दळ आहे, माझं स्टूल आहे.

मग तो उठला, आत गेला आणि लेकीला म्हणाला, “शैले, उद्या सकाळी तन्मयीकडे जाऊ. नवा बसवून घेऊ. मग निघू नाशिकला.”

“अरे!” मी मागून धावलो. “मी काय सांगितलं तुला? ती खरी होती म्हटलं ना!”

“म्हणूनच,” तो म्हणाला. “नक्की कळलं नसतं तर रोज ऐकून पडताळत बसलो असतो, मरेपर्यंत. खरी होती ना? मग झालं की. तिनं हाक मारली, मला पोचली.”

दुसऱ्या दिवशी पुरवण्या बदलला. जुनी डबी तन्मयीनं समोर कोरी केली. मल्लू शांतपणे बघत होता. आठवडाभरात घराला कुलूप लागलं. नाशिकच्या गाडीत बसवायला मीच गेलो. फलाटावर यंत्राची घोषणा झाली, गुळगुळीत, कुठेही श्वास न घेता. मल्लू खिडकीतून म्हणाला, “ये रे नाशिकला.” मी म्हटलं, “येतो की.” विजेची गाडी, सुटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

गेलो नाही अजून. तो फोन करतो. नातवंडांचे आवाज स्पष्ट येतात म्हणतो. मी सकाळी सवयीनं त्याच्या घरापर्यंत जातो, कुलूप बघतो, परत येतो. कर्दळ वाळली.

“तर अशी गोष्ट,” मी म्हणालो. “बघा, पटली नाही ना?”

पाटणे मास्तरांनी चष्मा काढून पुसला. “पटली हो. यंत्राचं सगळं बरोबर आहे. तुमच्या मानानं पाणी फारच कमी.”

मला जरा वाईटच वाटलं. पैज हरलो म्हणून असेल. इतक्यात कुपवाडच्या बाई एकदम मोठ्यानं म्हणाल्या, “खोटं!”

सगळा दवाखाना वळला. काउंटरवरच्या मुलीनंसुद्धा मान वर केली.

“काय खोटं, वहिनी? पुरवण्या?”

“पुरवण्या नव्हे. पुरवण्याचं एक अक्षर खोटं नाही. खोटे तुम्ही.” त्यांनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. त्यांचे यजमान मघासारखेच आमच्या सगळ्यांकडे बघून हसत होते; त्यांना यातलं काहीही ऐकू गेलेलं नव्हतं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि बाईंचेच कान लाल झाले. “नवऱ्याचं नाव घेतात बायका. मनसोक्त घेतात. तुमच्या वहिनींनीही घेतलंच असणार, त्या डबीनं ऐकलंच असणार. पण ते कधी? नवऱ्याला ऐकू येत नसताना, दाराला आतून कडी घालून, घरात चिटपाखरू नाही हे बघून. दारात परका पुरुष उभा असताना, त्याच्याकडे बघून हसत? आमच्या वयाची बाई? जीभ झडली तरी नाही. ती वेळ आमची एकटीची असते, स्टॉलवाले. तिथं तुम्ही कुठून आलात?”